न उघडलेली नऊ पाकिटं

रमण, तू मला फसवलंस. एकदा-दोनदा नाही, सलग नऊ वर्षं, दर दसऱ्याला, माझ्याच शेडमध्ये, माझ्या तोंडावर. माणूस गेल्यावर लोक त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात. तुझ्या दिवसकार्याला मीही चार शब्द बोललो आणि चांगलेच बोललो, कारण तेव्हा मला काही माहीत नव्हतं. ते शब्द मी मागे घेत नाही. पण हे एक राहिलंय. तोंडाने भांडावं तर तू उरला नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं तर तो आधी हसतो. म्हणून लिहितोय.

तुला यातलं काही नवं नाही, पण वाचणाऱ्या बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगावं लागेल. तलासरी नाक्यावर माझी पत्र्याची शेड आहे. त्यात बँडची गाडी उभी असते. पिकअपवर स्पीकरची भिंत, मागे कीबोर्ड, पॅड, गाणारा, आणि सगळ्यांच्या मागे, स्पीकरला पाठ लावून, बेस गिटार घेतलेला तू. पाड्यावर हळद असो की वरात, गाडी पुढे आणि नाचणारे मागे. कीबोर्डवाला लोकांना दिसतो, गाणारा दिसतो. तू कुणाला दिसायचा नाहीस. चार जाड तारा आणि तुझा उजवा अंगठा, एवढंच तुझं काम. पण तू थांबलास की नाचणारे थांबायचे आणि एकमेकांकडे बघायचे, काय झालं म्हणून.

आपण दोघं घोलवडला चिकूच्या वाडीत खोके भरायचो, ते दिवस आठव. मी खोक्यांच्या हिशेबापेक्षा वाडीवाल्याशी भांडण्यात जास्त हुशार, आणि तू गप्प. दुपारी जेवण झालं की झाडाखाली आडवं पडायचं. एकदा तू मला म्हणालास, "वश्या, कान झाक."

"का?"

"झाक तर. आणि पाठ जमिनीला चिकटवून ठेव."

मी कान झाकले. थोड्या वेळाने पाठीला काहीतरी कळलं. थरथर नाही, त्याच्याहून हळू. मग मी कान उघडले, तर लांबून मालगाडी येत होती.

"बघ," तू म्हणालास, "गाडी आधी पाठीला कळते, मग कानाला. असं काही वाजवता आलं पाहिजे."

मी म्हणालो, "पाठीने ऐकायचे पैसे कोण देतं?" तू हसलास. तुझं माझं सगळं भांडण त्या दोन वाक्यांत आहे, पुढची वीस वर्षं आपण तेच भांडत होतो.

मग मी मंडपवाल्याकडे स्पीकर उचलायला लागलो, तुलाही ओढून नेलं. मग माझे दोन स्पीकर झाले, मग चार, मग गाडी. डहाणूतला एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यांची बेस गिटार मी घासाघीस करून घेतली. ते किंमत सांगत होते आणि मी गिटार पालथी करून तिच्यावरचे ओरखडे मोजत होतो. ओरखडे तेवीस निघाले. दर ओरखड्याला मी थोडे थोडे उतरवले. शेवटी त्यांचा माणूस म्हणाला, "शेठ, घेऊन जा, पण अजून मोजू नका." डहाणू ते तलासरी, टेम्पोच्या मागे, ती गिटार तू मांडीवर आडवी घेऊन बसलास. खड्डा आला की स्वतः आदळायचास, तिला आदळू द्यायचा नाहीस. शिकवायला कुणी नव्हतं. सहा महिन्यांत तू वाजवायला लागलास. कसा शिकलास ते मी विचारलं नाही. मला फक्त सीझनच्या आधी तू तयार हवा होतास.

आता त्या दुकानाची गोष्ट. ती तू कधी काढली नाहीस, आणि मी विसरलो असं दाखवत आलो.

गिटारवरच्या ऑर्केस्ट्राच्या तारा होत्या त्याच होत्या. दोन-तीन सीझन झाल्यावर मी म्हणालो, चल, दसरा आलाय, बँडच्या सगळ्या सामानाला काहीतरी नवं घेऊ. डहाणूत स्टेशनकडच्या बाजारात वाद्यांचं जुनं दुकान आहे. म्हातारा गुजराती दुकानदार, पेटीच्या भात्यापासून तबल्याच्या वादीपर्यंत सगळं ठेवतो. तू आत गेलास आणि पहिल्यांदाच, मी पाहिलेलं पहिल्यांदाच, स्वतःहून काही मागितलंस.

"काका, त्या गुळगुळीत तारा आहेत का? चपट्या पट्टीच्या?"

काकांनी वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं, पुसलं. तू मला समजावून सांगायला लागलास. इतकं सलग बोलताना मी तुला आधी ऐकलं नव्हतं. म्हणालास की बेसच्या तारेत आत एक सरळ तार असते आणि तिच्यावर दुसरी गुंडाळलेली असते. वरची तार गोल असेल तर बोटाला खवले लागतात. आवाज झगझगीत येतो, बोट सरकलं की करकर होते. वरची पट्टी चपटी असेल तर तार हाताला सापासारखी गुळगुळीत लागते, करकर नाही, चमक नाही, नुसता खालचा आवाज उरतो, उबदार. "वरचं सगळं गळून जातं," तू म्हणालास, "खालचं राहतं."

मी किंमत विचारली. साध्या चमकत्या तारांच्या तिप्पट.

"ए जुदी चीज छे, शेठ," काका म्हणाले. वेगळीच वस्तू आहे ही.

"वेगळी म्हणजे कमी वाजणारी," मी म्हणालो. "तिप्पट भाव देऊन कमी आवाज घ्यायचा?"

तू म्हणालास, "कमी नाही रे. खोल."

मी तेव्हा कसा होतो ते तुला माहीत आहे. आताही फार सुधारलो नाही. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर मी आवाज चढवला. म्हणालो, "वाजवणारा तू, घेणारा मी. लोकांना खणखणीत पाहिजे, त्यांना खणखणीत मिळणार. ऑर्डर मी आणतो. तू आणून दाखव एक, मग सापासारख्या लाव नाहीतर सोन्याच्या लाव."

काकांनी ते पाकीट परत वर ठेवलं. मी चमकत्या तारांचा भाव पाडून घेतला. तू म्हणालास, "बरं, शेठ."

त्याआधी तू मला लोकांसमोर शेठ म्हणायचास आणि एकटे असलो की वश्या. त्या दिवशी टेम्पोत आपण दोघंच होतो, तरी तू शेठच म्हणालास. पुढेही तेच. मला वाटलं, आता मान द्यायला लागला. नऊ वर्षं तो मान मी खिशात घालून फिरलो.

त्याच वर्षी शेडमधली आपली रीत सुरू झाली. दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूचं तोरण लावायचं, सगळं सामान चटईवर मांडून पूजा करायची, आणि मी प्रत्येकाच्या हातात त्याच्या वाद्यासाठी नवी वस्तू द्यायची. पॅडवाल्याला काठ्या, कीबोर्डला कव्हर, गाणाऱ्याला माईकची वायर, तुला तारांचं पाकीट. पाकिटाला हळद-कुंकू लावून, वर आपट्याचं पान ठेवून. तू दोन्ही हातांनी घ्यायचास, कपाळाला लावायचास आणि म्हणायचास, "घरी निवांत बसवतो." दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन यायचास.

"वाजव बघू."

तू सगळ्यात जाड तार एकदा वाजवायचास. एकदाच.

आणि मी सगळ्यांना म्हणायचो, "ऐकलंत? याला म्हणतात नव्या तारा. खणखणीत."

कीबोर्डवाला जितू लगेच खाली वाकून वायर शोधायला लागायचा. पॅडवाला पाणी प्यायला जायचा. मला वाटायचं, कामाची माणसं आहेत, कामाला लागली.

वस्तू घेताना मी ती दहा वेळा पालथी करून बघतो. घेतल्यावर माझं तिच्याकडे लक्ष नसतं. नऊ वर्षांत मी एकदाही वाकून तुझ्या तारा पाहिल्या नाहीत. मागे एकदा गिटारच्या खालच्या टोकाला, तारांच्या पोटात, मला चपलेच्या रबराचा एक तुकडा खोचलेला दिसला होता. कचरा म्हणून मी तो काढून फेकला. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा तुकडा होता. मी म्हणालो, "हे काय?" तू म्हणालास, "तार जास्त हलू नये म्हणून." मी म्हणालो, "गिटारला चप्पल घालणारा तूच पहिला." सगळे हसले, तूही हसलास. तो तुकडा तिथेच राहिला. एवढं मी तुला करू दिलं, असं मला वाटायचं.

तू माघात गेलास. कसा, ते इथे लिहीत नाही. दुपारी जेवून आडवा पडलास आणि उठला नाहीस, वहिनी म्हणाल्या. मी एवढंच विचारलं की जमिनीवर पडला होता की खाटेवर. जमिनीवर, असं त्या म्हणाल्या. मला का कुणास ठाऊक, बरं वाटलं.

दिवसकार्याला तुझ्या फोटोशेजारी गिटार ठेवायची, असं मी ठरवलं. आणि ती चकचकीत असायला पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी ती घेऊन डहाणूला काकांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, तारा बदला, नव्या कोऱ्या चमकत्या लावा. काकांनी चष्मा लावला, गिटार उजेडात धरली.

"शेठ, आ तो बहु जुनी."

मी म्हणालो, "गेल्या दसऱ्याच्या आहेत. तुमच्याकडूनच घेतलेल्या."

"पाच महिन्यांत तार अशी होत नाही. ही वर्षानुवर्षं वाजलेली आहे. घाम मुरलाय, तेल मुरलंय. हात लावून बघा, खवले भरून गेलेत."

मी हात लावला. काळ्या, गुळगुळीत. आणि रमण, मला तिथे सगळं कळायला पाहिजे होतं. अर्धी दुनिया मी नुसती हात लावून ओळखतो. पण मला दुसरंच दिसलं. मला दिसलं की दुकानदार पेचात सापडलाय. मी आवाज चढवला. "पाच महिन्यांत काळा पडणारा माल देता आणि वर मलाच शिकवता? समुद्राची हवा लागली की संपली, अशी तार विकता?" काका नको नको म्हणत होते. शेवटी कंटाळून म्हणाले, "शेठ, भांडू नका. जुन्या तारा मला द्या, हे गिटार पुसायचं फडकं घ्या, त्याचे पैसे नको."

सौदा झाला. त्यांनी कटरने तारा कापल्या. चार वेळा आवाज झाला. चौथ्या वेळी, जाड तार कापताना, गिटारचं सगळं लाकूड घुमलं आणि थांबलं. काकांनी वेटोळी करून भंगाराच्या डब्यात टाकली, रबराच्या तुकड्यासकट. पिवळं फडकं मी खिशात घातलं. खूश होतो मी, हे लिहिताना लाज वाटते, पण खूश होतो.

तुझ्यानंतरची पहिली ऑर्डर तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर हळदीची होती. तुझ्या जागी उधवा गावचा एक माणूस आणला. हात चांगला आहे त्याचा, लग्नांत वाजवून वाजवून तयार झालेला. गाडी सुरू झाली, गाणं सुरू झालं, लोक नाचायला लागले आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काय ते कळेना. माझा डावा कान स्पीकरशेजारी वीस वर्षं उभा राहून गेलाय, हे तू मला नेहमी सांगायचास आणि मी नाही म्हणायचो. मी जितूला खूण केली, बेस वाढव. त्याने वाढवला. मी म्हणालो अजून. उधव्याचा माणूस खाली वाकून म्हणाला, "शेठ, जोराचा प्रश्न नाही."

"मग कशाचा?"

"मला नका विचारू, मी आजच आलोय."

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी माझ्याजवळ आली. तू तिला ओळखत असशील, तिच्या दोन मुलांच्या लग्नांत आपणच होतो. ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "गाडी तुमचीच ना?"

"आमचीच, आजी."

"मग पोटात का नाही वाजत? नुसतं कानातच वाजतं."

मी तिला म्हणालो, आमचा माणूस गेला. ती म्हणाली, "गेला?" आणि मग बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिली, जसं काही तू तिथे दिसायचास. तू तर तिथे कधी दिसलाच नाहीस कुणाला.

चार दिवसांनी मी तुझा मोठा करून घेतलेला फोटो द्यायला वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा केला. मग आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

"हे तुमचं आहे, भाऊ. तुमच्या हातात देते."

मी झाकण काढलं. नऊ पाकिटं. सगळी बंद. प्रत्येकावर हळद-कुंकवाचा डाग, जुन्यांवर फिकट, वरच्यावर ताजा. मध्ये मध्ये आपट्याची पानं, वाळून तांबूस झालेली.

"हे काय, वहिनी?"

"तुम्ही द्यायचे ते. दर दसऱ्याला आणून यात ठेवायचे."

"लावल्या नाहीत?"

"एकही नाही. जुन्याच तारांना खोबरेल तेलाचं बोट फिरवायचे आणि पुसून ठेवायचे. मी म्हणायची, लावायच्या नाहीत तर विकून टाका, घरात काय कमी खर्च आहेत. तर म्हणायचे, पूजेचं आहे, विकायचं नसतं. मी म्हटलं, मग शेठना परत द्या. तर म्हणायचे, दिलेलं परत करायचं नसतं." त्यांनी एक वाळकं पान उचलून परत आत ठेवलं. "मग मी म्हटलं, निदान सांगा तरी. त्यावर पुन्हा तारा पुसायला लागायचे."

मी चहा संपवला. डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. वहिनींनी दुसरा चहा विचारला, तोही मी घेतला.

शेडवर येऊन मी जितूला बोलावलं आणि डबा उघडून दाखवला. त्याने आत पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

"हो, शेठ."

"पॅडवाल्याला?"

"सगळ्यांना."

"आणि मी दर वर्षी 'ऐका, नव्या तारा' म्हणायचो तेव्हा?"

जितूच्या ओठांवर हसू आलंच. "आम्ही वाट बघायचो, शेठ. खणखणीत कधी म्हणता त्याची. रमणदादा आम्हाला आधीच सांगून ठेवायचे, हसाल तर मार खाल."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथेच उभे राहून बदलायला लावल्या असत्या. मग वाजलं कसं असतं?"

मला राग आला. हातात डबा होता, तो फेकणार होतो, पण पूजेची पाकिटं होती. खाली ठेवला. रमण, नऊ वर्षं माझ्या गाडीचं नाव झालं ते त्या आवाजावर. लोक म्हणायचे, वसंतशेठची गाडी लांबूनच पोटात कळते. मी समजायचो की ते माझ्या स्पीकरबद्दल बोलतात, माझ्या खरेदीबद्दल. मी जो नवा म्हणून मिरवला तो माल तुझ्या घरी डब्यात होता, आणि मी जो जुना म्हणून फडक्याच्या बदल्यात दिला तो तुझा आवाज होता. मी माझ्या हाताने दिला. भांडून दिला. वर फडकं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिटार घेऊन काकांकडे गेलो. भंगाराचा डबा रिकामा होता. भंगारवाला येऊन गेला होता. काका म्हणाले, "शेठ, तार गेली. ती आता कुठे मिळणार?"

मी बिस्किटांचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पाकिटं दाखवली. काकांनी एक पाकीट हातात घेतलं, कुंकवाचा डाग पाहिला आणि काही न विचारता परत ठेवलं. मग स्टूलवर चढून त्यांनी वरच्या फळीवरून तारांचं एक पाकीट काढलं.

"ही त्या दिवशी रमणने मागितलेलीच आहे का?" मी विचारलं.

"नाही, शेठ. ए तो वेचाई गई, विकली गेली. ही नवी आहे. पण जात तीच, चपटी."

किंमत विचारली. भाव केला. तुझ्यासाठी म्हणून सोडला नाही, तुला ते आवडलंही नसतं. पण घासाघीस करताना या वेळी मला माहीत होतं की मी काय घेतोय. काकांना विचारलं, या लावल्या की तसाच आवाज येईल का. ते म्हणाले, "जवळ येईल. त्याच्यासारखा यायला कुणाला तरी दहा वर्षं वाजवावं लागेल." मी म्हणालो, "तुम्ही दुकानदार आहात की डॉक्टर?" ते हसले, मीही हसलो. तारा बसवून घेतल्या. चपलेचा तुकडा मात्र मी घरून नेला होता, माझ्याच जुन्या चपलेचा कापून.

उधव्याच्या माणसाने परवा त्या वाजवल्या. बोट फिरवलं आणि म्हणाला, "अरे वा." मग वाजवलं. बराच वेळ वाजवत राहिला. चांगलं वाजतंय, रमण. खरंच चांगलं वाजतंय. जितूनेही मान हलवली. पण मी पुढे होऊन काही म्हणालो नाही. खणखणीत म्हणायचा माझा अधिकार संपला. शेडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, पत्र्याला कळतंय का बघत. कळत होतं. तुझ्याएवढं नाही.

काल काम संपल्यावर मी घोलवडला गेलो. ज्या वाडीत आपण खोके भरायचो ती आता दुसऱ्याची आहे. राखणदाराने विचारलं काय पाहिजे, मी म्हणालो थोडा वेळ पडायचंय. त्याने बघितलं, पांढरे कपडे, हातात अंगठी, आणि जाऊ दिलं. झाडाखाली पडलो, कान झाकले. बराच वेळ काही नाही. मुंग्या चढल्या. मग पाठीला कळलं. मी कान उघडले नाहीत. मालगाडी पूर्ण जाईपर्यंत तसाच पडून राहिलो. एवढी वर्षं तू मला हेच ऐकवत होतास, माझ्याच गाडीवर, माझ्याच स्पीकरमधून, आणि त्याला मी माझी खरेदी म्हणत होतो. त्याबद्दल तुझे आभार मानायला पाहिजेत. मानतो. पण त्याने हिशेब मिटत नाही.

मी आयुष्यभर भाव करत आलो. पहिल्यांदा म्हटलेलं "नाही" हे "नाही" नसतं, हे बाजारात भाजीची जुडी घेणाऱ्यालाही माहीत असतं. गिऱ्हाईक दुकानातून निघतं, चार पावलं जातं, वळून बघतं. दुकानदार हाक मारतो. पुन्हा बोलणं होतं. कधी दुसऱ्यांदा जमतं, कधी तिसऱ्यांदा. मी ज्यांना ज्यांना नाही म्हणालो ते सगळे परत आले आणि त्यांच्याशी माझं जमलं. त्या दिवशी दुकानात मी तुला नाही म्हणालो, चारचौघांत म्हणालो, वाईट शब्दांत म्हणालो. हाक मी मारायला हवी होती, हेही कबूल. मारली नाही. पण तू चार पावलं गेलास ते गेलासच. नऊ वर्षं माझ्यासमोर उभा राहून, दोन्ही हातांनी पाकीट घेऊन, कपाळाला लावून, तू निघूनच चालला होतास आणि मी समजत होतो तू इथेच आहेस.

दुसऱ्यांदा का नाही विचारलंस? शेठला विचारायचं नव्हतं, ते मी समजू शकतो. वश्याला का नाही विचारलंस? मला याचं उत्तर पाहिजे, रमण, आणि ते दुसरं कुणी देऊन चालणार नाही.